तिसरी ओळ कोणावर पडते? ब्लूज, शहर आणि गुन्ह्याची लघुकथा

आजचा विषय जरा लांबलचक छापला गेलाय, तो आधी सुटसुटीत करून घेऊ. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज नावाचं गाणं, ते गाणं सोबत घेऊन दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून शहरांत आलेली माणसं, आणि त्या शहरांतल्या गुन्ह्यांवर लिहिलेली लघुकथा. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, एवढंच आज बघायचं आहे. कादंबऱ्यांना आम्ही मुद्दाम बाजूला ठेवणार आहोत. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचंच गाणं मावायचं. ब्लूजला तेवढ्यात सगळं सांगून मोकळं व्हावं लागे. त्याचं भावंड शोधायचं तर ते लघुकथेतच सापडेल, असं आमचं मत आहे.

सुरुवातीलाच एक तक्रार. 'ब्लूज आणि गुन्हा' असा विषय ठरवून कथा मागवायच्या आणि संग्रह काढायचा, ही रीत इंग्रजीत आता चांगली रुळली आहे. त्यातल्या बऱ्याच कथांत पाऊस पडत असतो, दुकानाची निऑनची पाटी अर्धी विझलेली असते, कोपऱ्यात एक म्हातारा गिटार घेऊन बसलेला असतो आणि नायकाच्या हातात व्हिस्की असते. कोणीतरी चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट सांगतं. मग खून होतो. आता यातून ब्लूज काढा आणि टँगो घाला. कथेचं काही बिघडत नाही! लग्नाच्या हॉलमध्ये सनईची कॅसेट लावतात ना, तसं हे ब्लूज. वातावरणापुरतं. आम्ही जे शोधतोय ते असं नाही. काही कथांत संगीताचा एक सूरही ऐकू येत नाही आणि तरी त्या आतून ब्लूजच्या असतात. अशी एक कथा आज आपण सावकाश वाचणार आहोत.

त्याआधी गाण्याचा साचा समजून घेऊ. ब्लूजचं ठरीव कडवं तीन ओळींचं. पहिली ओळ म्हणायची. मग तीच ओळ पुन्हा म्हणायची, कधी तशीच, कधी किंचित वाकवून. आणि मग तिसरी ओळ, जिच्यात यमक जुळतं आणि पहिल्या दोन ओळींना उत्तर मिळतं. संगीतात याचे बारा बार होतात, चार-चार-चार. दुसऱ्यांदा तीच ओळ ऐकताना ऐकणाऱ्याला एकच उत्सुकता असते, आता तिसरी काय येणार? ती आली की ताण सुटतो. हा साचा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शहर. १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून निघाली आणि शिकागो, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस अशा शहरांत वसली. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ज्यांनी ऐकली आहे त्यांना गाव सोडलेल्या माणसाच्या गाण्याची चव वेगळी समजवायला नको. फरक एवढाच, की यांना गावात मागे ठेवलेल्या माणसांची ओढ होती, पण गावाची भीतीही होती. तिथे झाडाला लटकवलं जाण्याची भीती. पुढे शहरात आल्यावर कळलं की भीती इथेही आहे, फक्त तिने पोलिसाचा गणवेश घातलाय.

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅमी स्मिथ या गायिकेने 'क्रेझी ब्लूज' गायलं आणि ती तबकडी तुफान खपली. कृष्णवर्णीय स्त्रीच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेलं हे पहिलं ब्लूज मानलं जातं. गाणं आहे प्रियकर सोडून गेल्याच्या दुःखाचं. पण शेवटाकडे ती बाई अचानक बंदूक घेऊन पोलिसाला गोळी घालायची भाषा करते. ऐकणारा चमकतो. दुःख दिलं प्रियकराने, नेम मात्र पोलिसावर! अ‍ॅडम गसो यांच्यासारख्या अभ्यासकांनी या ओळींकडे लक्ष वेधलं आहे. आमच्या दृष्टीने इथे एक नाजूक गोष्ट उघडी पडते. राग जिथे पेटतो तिथेच तो पडत नाही. मधे कुठेतरी त्याचं वळण बदलतं. शहरातल्या गुन्ह्याची कथा लिहिणाऱ्यांनी ब्लूजकडून घेण्यासारखं काही असेल तर ते हे वळण आहे.

ब्लूजमधले गुन्हे नुसते कल्पनेतले नाहीत, हेही सांगायला हवं. १८९५ च्या नाताळच्या रात्री सेंट लुईसच्या एका दारूच्या गुत्त्यात ली शेल्टन आणि बिली लायन्स यांचा वाद झाला. लायन्सने शेल्टनची स्टेटसन हॅट हिसकावली, शेल्टनने गोळी घातली, हॅट उचलली आणि निघून गेला. पुढे त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली, १९०९ मध्ये माफी मिळाली, पुन्हा तुरुंगात गेला आणि १९१२ मध्ये क्षयाने तिथेच वारला. हाच गाण्यातला 'स्टॅगोली'. मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ मध्ये ते गायलं, लॉइड प्राइसचं 'स्टॅगर ली' १९५९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. या गाण्यांत खून कोणी केला हे पहिल्या कडव्यातच ठाऊक असतं. हेराला काही कामच उरत नाही. गाणं विचारतं ते वेगळंच. एका हॅटसाठी माणूस मारावा इतकी ती हॅट मोलाची का झाली? ज्याच्याकडे स्वतःचं म्हणून दुसरं काही नाही त्याच्या डोक्यावरची ती हॅट आहे. हे गाणं कुठेही सांगत नाही, पण ऐकणाऱ्याला कळतं.

दुसरं प्रकरण अधिक टोचणारं आहे. १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच सेंट लुईसमध्ये फ्रँकी बेकर नावाच्या तरुणीने तिच्या प्रियकराला, अ‍ॅलन ब्रिटला, गोळी घातली. तो सुरी घेऊन अंगावर आला, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं, स्वसंरक्षण ठरलं, ती सुटली. पण तोवर रस्त्यावर गाणं तयार झालं होतं. तेच पुढे 'फ्रँकी अँड जॉनी' म्हणून जगभर गेलं. गाण्यात सुरी नाहीच. गाण्यात आहे ती मत्सराने पेटलेली बाई आणि बाहेरख्याली प्रियकर. कित्येक पाठांत तर तिला फासावरही चढवलंय. खरी फ्रँकी दूर ओरेगनला जाऊन राहिली, तरी गाणं तिथे पोहोचलं. पुढे सिनेमा निघाला, तिने कंपनीवर दावा लावला, आणि हरली. न्यायालयाने सोडलं पण गाण्याने सोडलं नाही! गुन्ह्याची गोष्ट सुरेल करताना कोणाचा तरी खरा जबाब गळून पडतो, हे फ्रँकीच्या बाबतीत शब्दशः घडलं. म्हणून ब्लूजकडून शिकणाऱ्या कथाकाराला आम्ही एक प्रश्न विचारतो. बाबा रे, तुझ्या कथेत सुरी कुठे गेली?

मंडळी, आपल्या ओळखीची हेरकथा एका विश्वासावर उभी असते. जग मुळात नीट आहे, खुनाने ते विस्कटलं, हेर येईल आणि पुन्हा लावून देईल. बाबूराव अर्नाळकरांचं पुस्तक मिटताना वाचकाला जे समाधान मिळायचं ते याच विश्वासाचं. पण ज्याच्यासाठी जग आधीपासूनच विस्कटलेलं आहे त्याने काय करायचं? यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत रोजगार नसणं हाच गुन्हा ठरला होता. माणसाला भटकंतीच्या आरोपाखाली पकडायचं आणि खाणीवर किंवा मळ्यावर भाड्याने द्यायचं. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्याची याद करा. अण्णा भाऊंची 'फकिरा' त्याच सावलीत उभी आहे. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण दलित लेखकांनी आपल्या संघटनेला अमेरिकेतल्या पँथरचं नाव घेतलं ते उगाच नाही. गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार ठरलेला असला की 'कोणी केलं' हा प्रश्न पोकळ होतो.

हे लघुकथेत प्रथम नेमकं पकडलं रुडॉल्फ फिशरने. फिशर पेशाने डॉक्टर, क्ष-किरणतज्ज्ञ, आणि राहायला हार्लेममध्ये. त्याची 'द सिटी ऑफ रेफ्यूज' ही कथा १९२५ मध्ये 'अटलांटिक मंथली'त आली. किंग सॉलोमन गिलिस नावाचा माणूस नॉर्थ कॅरोलायनात एका गोऱ्यावर गोळी झाडून पळालेला आहे. तो भुयारी रेल्वेतून हार्लेममध्ये वर येतो आणि बघतो तर काय, चौकात कृष्णवर्णीय पोलीस रहदारी हाकतोय आणि गोऱ्या गाडीवाल्यांना थांबवतोय! त्याला स्वर्ग सापडतो. पण त्याच्याच गावचा एक चलाख इसम त्याला हेरतो आणि औषधाच्या गोळ्या म्हणून अमली पदार्थ विकायला बसवतो. गिलिसला आपण काय विकतोय हेही ठाऊक नसतं. शेवटी कॅबरेत धरपकड होते. तो गोऱ्या शिपायांशी जीव खाऊन झुंजतो. मग समोर कृष्णवर्णीय पोलीस येतो, आणि गिलिस झुंजायचा थांबतो. त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरतो.

या शेवटावर हसावं की रडावं? बरेच जण याला भोळ्या खेडुताचा विनोद मानतात. आम्हांला ते पटत नाही. पहिल्यांदा पोलीस दिसला तेव्हा गिलिसला आशा मिळाली, शेवटी तेच दृश्य पुन्हा येतं आणि त्याच आशेपायी तो हातकडीत जातो. तीच ओळ, पण अर्थ पालटलेला. कॅबरेतलं संगीत या कथेत सजावटीपुरतं आहे. ब्लूज आहे तो या परत येणाऱ्या पोलिसात. फिशरने पुढे १९३२ मध्ये 'द कंज्युअर-मॅन डाइज' ही रीतसर रहस्यकादंबरीही लिहिली. हुशारीने रचलेली आहे, पण आम्हांला त्याची ही छोटी कथा अधिक खोल वाटते.

आता आजची मुख्य कथा. अ‍ॅन पेट्री मूळच्या कनेक्टिकटच्या, औषधविक्रेत्याच्या घरच्या, स्वतःही फार्मासिस्ट. हार्लेममध्ये येऊन त्यांनी वृत्तपत्रात बातमीदारी केली. १९४५ मध्ये 'द क्रायसिस' या मासिकात त्यांची 'लाइक अ वाइंडिंग शीट' आली. नावाचा अर्थ, कफनासारखं. कथेत गिटार नाही, बार नाही, हेर नाही. कारखान्यात रात्रपाळी करणारं एक जोडपं आहे, जॉन्सन आणि मे. पाय दुखतायत, अंथरुणातून उठवत नाही, चादर अंगाभोवती गुंडाळली गेलीय, आणि ते बघून मे हसत म्हणते की कफनात गुंडाळल्यासारखा दिसतोयस. तारीख तेरा, वार शुक्रवार, म्हणून मे कामावर जायला कचरते. तो तिला प्रेमाने समजावतो, आणि त्या नादात दोघांना उशीर होतो. बघा हं, हा उशीर त्याच्या मायेमुळे झालाय.

कारखान्यात गोरी मुकादमीण उशिरासाठी झापते आणि झापताना 'तो' शब्द वापरते. त्याच्या मुठी वळतात. पण बाईवर हात टाकणं त्याच्याने होत नाही. तो तोंडानेच तिला बजावतो आणि कामाला लागतो. हात मात्र ताठरलेलेच राहतात. ही पहिली ओळ. सुट्टी झाल्यावर तो कॉफीसाठी रांगेत उभा राहतो. त्याचा नंबर येतो आणि काउंटरवरची गोरी मुलगी केस मागे उडवत सांगते की आता थोडा वेळ कॉफी नाही. त्याला वाटतं, आपल्या रंगामुळे नाकारलं. पुन्हा मुठी वळतात, पुन्हा हात उचलत नाही. ही दुसरी ओळ, किंचित वाकवलेली. आणि तिसरी? घरी मे खुशीत आहे. तो चिडचिडा, ती चेष्टेत त्याला हसवू बघते, आणि चेष्टेतच तोच शब्द तिच्या तोंडून निघतो. हात सुटतो. पुन्हा पुन्हा सुटतो. थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही. कफनात गुंडाळल्यासारखं, एवढंच त्याला सुचतं. कथा तिथेच तुटते. मे जगली की मेली हेही पेट्री सांगत नाहीत.

अ, अ, ब. ब्लूजच्या कडव्याचा हा बांधा पेट्रींनी ठरवून घेतला असेल की नाही, त्याने आम्हांला फरक पडत नाही. तो कथेत आहे आणि त्याचा परिणाम होतो. दोनदा अडलेली ओळ तिसऱ्यांदा सुटणार हे वाचकाचा कान आधीच सांगतो. म्हणजे तो घरी येताच आपण थरथरायला लागतो. 'क्रेझी ब्लूज'मध्ये घरातला राग पोलिसावर गेला होता, इथे बाहेरचा राग घरात आला. नेम उलटा फिरला.

पण यात पेट्री गाण्याच्या पुढे जातात, आणि आमच्या मते कथेचं मोठेपण इथे आहे. कॉफीच्या प्रसंगात एक छोटं वाक्य येतं. त्याने मागे वळून पाहिलं असतं, तर कॉफीचं भांडं खरंच रिकामं करून पुन्हा भरलं जात होतं हे त्याला दिसलं असतं. त्याने पाहिलं नाही. आपण पाहिलं. गाणं एकाच तोंडातून येतं, गाणाऱ्याला जे दिसत नाही ते गाणं आपल्याला दाखवू शकत नाही. कथा दाखवू शकते. आणि बरं का, त्या एका वाक्याने जॉन्सनचा राग खोटा ठरत नाही. मुकादमीण खरी होती, शब्द खरा होता. इतक्या खऱ्या अपमानांतून गेलेल्या माणसाला साधा नकारही अपमान वाटू लागतो. त्याची समज कशी बिघडवली गेली याचा हा हिशोब आहे.

इथे एक आक्षेप निघतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. या बांध्यामुळे आपण मारणाऱ्याचं दुःख इतकं जवळून समजून घेतो की मार खाणारी मागे राहते. मेला थकवा नाही का? तीही त्याच पाळीवर होती. तिच्या दिवसाच्या तीन ओळी कोण सांगणार? हा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. पेट्रींच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की त्या जॉन्सनला माफ करत नाहीत. कफन हा शब्द पहिल्यांदा मेच्या तोंडी विनोद म्हणून येतो आणि शेवटी तो तिच्याच वाट्याला जाण्याची शक्यता उभी राहते. ही रचना निर्दय आहे, भाबडी नाही. तरीही मेचा आवाज हवा होता. ब्लूजमध्ये तो होता! बेसी स्मिथच्या १९२७ च्या 'सेंड मी टू द लेक्ट्रिक चेअर'मध्ये प्रियकराचा जीव घेतलेली बाई न्यायाधीशापुढे उभी राहून स्वतःच शिक्षा मागते. तिची बाजू दुसरा कोणी मांडत नाही, ती दयाही मागत नाही. गुन्ह्याच्या लघुकथेत अशी बाई फार थोड्यांनी येऊ दिली. पेट्रींनीच पुढच्या वर्षी 'द स्ट्रीट' कादंबरीत ल्युटी उभी करून हे कर्ज थोडं फेडलं, पण कादंबऱ्यांकडे जायचं नाही असं आपलं ठरलंय.

चेस्टर हाइम्सबद्दल दोन शब्द, कारण त्याला वगळलं तर तुम्हीच विचाराल. सशस्त्र दरोड्यासाठी १९२८ मध्ये ओहायोच्या तुरुंगात गेला आणि तिथे कथा लिहू लागला. १९३० मध्ये त्या तुरुंगाला लागलेल्या आगीत तीनशेहून अधिक कैदी मेले. त्यावरची 'टू व्हॉट रेड हेल' १९३४ मध्ये 'एस्क्वायर'मध्ये छापून आली. पुढे फ्रान्समध्ये राहून लिहिलेल्या हार्लेमच्या हेरकादंबऱ्यांनी त्याला नाव दिलं, १९५८ मध्ये तिथला मोठा पुरस्कारही मिळाला. त्या धमाल आहेत, रक्ताळ आहेत. पण त्यांत वेग इतका असतो की कुठलीच ओळ दुसऱ्यांदा म्हणायला सवड नसते. आमच्या कानाला तो ब्लूज वाटत नाही.

आणि वॉल्टर मोस्ली. १९९७ मध्ये आलेला 'ऑलवेज आउटनंबर्ड, ऑलवेज आउटगन्ड' हा एकमेकींत गुंफलेल्या कथांचा संग्रह मिळाला तर जरूर वाचा. सॉक्रेटिस फोर्टलो हा दोन खून करून २७ वर्षं तुरुंगात काढलेला माणूस, आता लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत एका गल्लीत राहतो आणि बाटल्या गोळा करून पोट भरतो. हात प्रचंड मोठे, आणि त्या हातांची त्याला स्वतःलाच धास्ती. पहिल्याच कथेत डॅरिल नावाचा एक पोरगा शेजारचा कोंबडा मारून पळत असतो, सॉक्रेटिस त्याला पकडतो. पोलीस बोलवत नाही, मारत नाही. तो कोंबडा त्याच्याकडून साफ करून घेतो, शिजवायला लावतो आणि दोघं जेवतात. जेवता-बोलता हळूहळू पोराच्या तोंडून दुसरंच बाहेर येतं. कोंबड्याहून फार मोठं, एका मुलाच्या खुनाचं. उलगडा झाला, पण हेर नाही, अटक नाही. समोरासमोर बसलेले दोन गुन्हेगार, एक म्हातारा आणि एक कोवळा, आणि मधे रिकामी ताटं.

जॉन्सनचे हात आठवा आणि मग हे हात बघा. इथेही दोन ओळी झाल्यात. म्हाताऱ्याचा गुन्हा ही पहिली, पोराचा ही दुसरी. तिसरी ओळ काय येणार याची वाचकाला धास्ती असते. मोस्ली ती त्या कथेत म्हणत नाही. पोरगा निघून जातो. ती ओळ पुढच्या कथांवर सोडलेली आहे, आणि पोरगा पुन्हा येतो की नाही ते आम्ही सांगणार नाही, तुम्ही वाचा.

वेळ संपत आली. मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे, तिथूनच प्रश्न घेऊ.